हुंकाराची जागा

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडे भिंतच नव्हती. श्रीरामपुरात वॉर्ड नंबर दोनमध्ये आम्ही राहायचो ती पत्र्याची चाळ होती, आणि एका खोलीच्या दोन करताना मालकानं मधे नुसत्या फळ्या ठोकल्या होत्या. इकडे माझ्या बायकोनं, विजयानं, मिरचीची फोडणी दिली की पलीकडे गहिनीनाथ मास्तर शिंकायचे. पलीकडे त्यांनी बिडी पेटवली की इकडे विजया मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं खोकायची. एवढा आमचा शेजार जवळचा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडमास्तर. जयहिंद ब्रास बँड त्यांचा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि हातात क्लॅरिनेट. पन्नाशी उलटलेली, अंग शिडशिडीत, मिशा पिकलेल्या. आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यांच्या क्लॅरिनेटच्या मागं मांडवात गेली असतील. माणूस मात्र वरात सोडली तर कुठंच दिसायचा नाही. लग्नाच्या पंगतीतही ते शेवटी, कोपऱ्यात, पाठ करून जेवायचे.

वरातीचा एक कायदा असतो, तो मला त्यांनीच सांगितला. नवरदेव मारुतीला निघाला की मांडवात परत येईपर्यंत क्लॅरिनेट थांबता कामा नये. क्लॅरिनेट थांबली की घोडा थांबतो, घोडा थांबला की नवरदेवाचा मामा तणतणतो, आणि एखादी म्हातारी अपशकुन झाला म्हणून कपाळाला हात लावते. त्यामुळं ढोल चुकला, ट्रंपेटवाला ठेचकाळला, तरी क्लॅरिनेटवाल्यानं सगळ्यांचं मिळून एकट्यानं वाजवत राहायचं. मास्तरांनी हे वर्षानुवर्षं केलं होतं. श्वास कधी घ्यायचे, देव जाणे.

पण संध्याकाळी घरी वाजवायचे ते वेगळंच. वरातीचं नाही, भजनाचं नाही, सिनेमातलंही नाही. एक संथ, साधी, फिरून फिरून तिथंच येणारी चाल. त्यात आधी जाड आवाजात काहीतरी विचारल्यासारखी एक ओळ यायची, आणि तिला लागूनच बारीक आवाजात उत्तर दिल्यासारखी दुसरी. मधे सुई शिरणार नाही. विजया म्हणायची, "अहो, हे मास्तर स्वतःशीच बोलतात की काय?" मी म्हणायचो, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा बरं." यावर आमच्याकडेही वाजायचं, पण ते जाऊ दे.

एकदा मी सरळ विचारलं. मास्तर दारात बसले होते. त्यांनी बिडी विझवली. मग म्हणाले, "शामराव, ही चाल मला एका काळ्या अमेरिकन शिपायानं दिली."

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पलटणीच्या बँडमध्ये भरती झाले होते. क्लॅरिनेट तिथंच शिकले. पलटण इटलीत गेली, लढाई जवळ आली, तशी बँडवाल्यांची वाद्यं पेटीत गेली आणि त्यांच्या हातात जखमी उचलायचे स्ट्रेचर आले. डोंगरातल्या एका गावात शेजारीच अमेरिकन तळ पडला होता. त्यातल्या एकाकडं क्लॅरिनेट होती.

"त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. त्यो एक ओळ वाजवायचा आन थांबायचा. माझ्याकडं बघायचा. मला कळंना, ह्यो थांबला का. मंग कळलं, ह्यो माझी वाट बघतोय." मास्तर हसले. "मंग मी वाजवायचो, आन त्यो थांबायचा. चार-पाच संध्याकाळी तसं केलं. पुढं त्यांची गाडी गेली निघून. तसं बोलनं पुन्यांदा कुनाशी झालं न्हाई."

परत आले ते नेवाशाकडच्या आपल्या गावी. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. धाकट्यानं क्लॅरिनेट आणलीय म्हटल्यावर थोरला भाऊ रंगनाथ एवढंच म्हणाला, "कुणब्याच्या पोरानं वाजवून घ्यायचं आसतं, वाजवायचं नसतं." भावानं ताट वेगळं मांडायला लावलं तेव्हा मास्तर बायकोला घेऊन श्रीरामपुरात आले. तिचं नाव चांगुणा. तिला सूर-ताल काही कळत नव्हतं. ती भाकरी थापत असताना मास्तरांनी पहिल्यांदा ती चाल वाजवली, आणि सवयीनं ओळीच्या शेवटी थांबले. चुलीपुढून आवाज आला, "हं."

आमच्याकडं कहाणी सांगायला कुणी बसलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार आला नाही तर सांगणारा पुढं जात नाही. चांगुणाबाईंना वाटलं, नवरा काहीतरी सांगतोय. "काय सांगताय त्ये कळत न्हाई," म्हणायच्या, "पन आयकतीया." मास्तर ओळ वाजवायचे, थांबायचे, त्या भाकरी उलटता उलटता "हं" म्हणायच्या, मास्तर पुढं जायचे. असा संसार झाला. मूलबाळ नाही. मग एका पावसाळ्यात ताप आला आणि त्या गेल्या.

"मंग ती थांबायची जागा लई मोठी वाटाया लागली," मास्तर म्हणाले. "कोरड्या हिरीत डोकावल्यावानी. सोसना. मंग तिथं बी मीच वाजवाया लागलो. इचारायचं बी मीच, सांगायचं बी मीच." एवढं बोलून ते आत गेले आणि त्यांनी फळीचं दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून कुणाला काय देता येतं?

मी गावाबाहेरच्या साखर कारखान्यात टाइमकीपर होतो, आणि कारखान्याच्या ऑफिसर क्लबचा मानद सेक्रेटरी. मानद म्हणजे बिनपगारी, आणि सेक्रेटरी म्हणजे कॅरमची पावडर संपली की ज्याला शिव्या खायच्या असतात तो. मी ऑफिसर नव्हतो, पण ऑफिसरांना कामं करणारा कुणीतरी लागतोच. बहात्तरच्या जानेवारीत, गळीत हंगाम भर जोरात असताना, कलकत्त्याहून बदलून आलेल्या मॅनेजरसाहेबांनी फर्मावलं की यंदा क्लबच्या वाढदिवसाला नकला आणि भावगीतं नकोत, मुंबईहून जाझचे चार वादक बोलवा. जाझ म्हणजे काय हे आमच्यात एकालाही ठाऊक नव्हतं. साहेबांना ठाऊक आहे म्हटल्यावर सगळ्यांनाच ते आवडायला लागलं.

मी घरी विजयाला हे सांगत होतो. सॅक्सोफोन, पियानो, ड्रम आणि माणसाएवढं एक तंतुवाद्य, असे चौघं येणार. पलीकडं बिडीचा वास थांबला. मग फळ्यांतून आवाज आला, "शामराव, टेशनावर मला नेता का? सामान उचलीन."

"मास्तर, तुम्ही कसलं सामान उचलता?"

"म्या लढाईत मानसं उचलल्यात. ही तर लाकडं."

स्टेशनवर त्यांनी ते माणसाएवढं वाद्य दोन्ही हातांवर आडवं घेतलं, जखमी माणसाला घ्यावं तसं, डोकं वर ठेवून. त्याचा मालक कौतुकानं बघत राहिला. सॅक्सोफोनवाला चौघांत वडीलधारा, गोव्याकडचा, चष्मा लावलेला, प्रवासानं कावलेला. मास्तरांनी त्याच्यासमोर उभं राहून पलटणीतल्या हिंदुस्थानीत सांगितलं की मी क्लॅरिनेट वाजवतो, ही चाल मला येते. आणि तिथंच, हमालांच्या गर्दीत, ती चाल गुणगुणून दाखवली. सॅक्सोफोनवाल्यानं चष्म्यातून पाहिलं. "शाम को ले आना, देखेंगे," म्हणाला आणि चहा कुठं मिळेल ते विचारायला लागला.

देखेंगे या शब्दाला आपल्या देशात काय किंमत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण मास्तरांनी तो लग्नाच्या तिथीसारखा धरला. दुपारभर त्यांनी क्लॅरिनेटच्या तोंडाशी असते ती वेताची पट्टी ओली करकरून वाजवून पाहिली. विजयाकडे कोट आणून दिला. तिनं तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली, झालरीवरून जपून हात फिरवला. तिला बिडीचा राग होता, माणसाचा नव्हता.

निघताना मास्तर मला म्हणाले, "शामराव, एकच डाव. म्या इचारावं आन कुनीतरी सांगावं. मंग पुन्हा न्हाई मागनार काही."

क्लबात त्यांना बसायला खुर्ची मिळणं शक्य नव्हतं. मी त्यांना बाजूच्या दाराशी उभं केलं, बॅडमिंटनची जाळी गुंडाळून ठेवतात तिथं. लाल कोट पाहून एका ऑफिसरच्या बायकोनं त्यांना लिंबू सरबत आणायला सांगितलं. मास्तरांनी क्लॅरिनेट काखेत धरली, सरबत आणून दिलं आणि पुन्हा जाळीपाशी येऊन उभे राहिले. मला राग आला, त्या बाईंचा आणि मास्तरांचाही. आज तरी सरबत आणायचं नव्हतं.

सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. क्लबचा पियानो गोऱ्या साहेबाच्या काळातला, त्याच्या काही पट्ट्या उंदरांनी निकामी केलेल्या. पियानोवाला त्या पट्ट्या चुकवत वाजवत होता, चिखलातून धोतर सावरत जावं तसा. मला तर दुसरं गाणं निम्मं होईपर्यंत वाटत होतं, अजून सूर जुळवणं चाललंय. एकजण वाजवायचा, मग दुसरा, मग तिसरा. एकानं काही म्हणावं, दुसऱ्यानं ते ऐकून घेऊन पुढं न्यावं. हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. बाकीच्यांच्या ध्यानात आलं नाही. साहेबांनी टाळी वाजवली की सगळे वाजवायचे. मागच्या रांगेत उसाच्या उताऱ्यावर चर्चा चालू होती. बाहेरून मळीचा वास येत होता आणि बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज.

मास्तर मात्र दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

चौथ्या-पाचव्या गाण्यानंतर सॅक्सोफोनवाल्यानं घाम पुसला, इकडंतिकडं पाहिलं आणि लाल कोटाकडं बोट केलं. तो विसरला नव्हता. मास्तर पुढं गेले. चीफ इंजिनिअर मला ऐकू येईल असं म्हणाले, "हा तर वरातीतला." मी म्हणालो, "हो साहेब, तुमच्या मुलीच्याही वरातीत होता." मग मला माझी नोकरी आठवली आणि मी गप्प बसलो.

ती चाल सुरू झाली. मोठ्या वाद्यानं हळू पावलं टाकली, ड्रमवाल्यानं तारेच्या ब्रशनं साथ धरली. मास्तरांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ वाजवली. विचारणारी. सॅक्सोफोनवाल्यानं उत्तर द्यायला वाद्य ओठाशी नेलं.

आणि मास्तरांनी उत्तरही वाजवून टाकलं.

मग पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. सॅक्सोफोनवाल्यानं वाद्य वर नेलं, खाली आणलं. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. पियानोवाल्याची पाळी आली, ती मास्तरांच्या सुराखाली बुडून गेली. मास्तरांना हे दिसत नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले, मान वर, गालांच्या शिरा फुगलेल्या. लय वाढली. नवरदेवाला मांडवात पोचवायचं असल्यासारखे ते एकट्यानं सगळ्यांचं वाजवत सुटले. आणि क्लबात जीव आला. आतापर्यंत पेंगणारे ऑफिसर सरसावून बसले, कारण हे त्यांच्या ओळखीचं होतं. टाळ्यांनी ठेका धरला गेला. शेतकी खात्याच्या एका पाहुण्यानं तर सवयीनं नोट काढून मास्तरांवरून ओवाळली.

वाजवणं संपलं तेव्हा त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी डोळे उघडले. आधी त्यांना टाळ्या वाजवणारे दिसले, मग शेजारी उभा असलेला सॅक्सोफोनवाला दिसला. त्याचं वाद्य छातीशी तसंच होतं, न वाजवलेलं. मास्तरांचा चेहरा उतरला. "चुकलं," ते म्हणाले, आणि क्लॅरिनेट काखेत मारून खाली उतरायला लागले.

मी अगदी जवळ होतो म्हणून मला पुढचं ऐकू आलं. सॅक्सोफोनवाल्यानं त्यांच्या कोटाची बाही धरली. "थांब रे बाबा, थांब," तो त्याच्या गोव्याकडच्या हेलात म्हणाला. "परत करू. तू विचार. मग गप्प राहा. मी आहे ना इथं."

पुन्हा ती पावलं सुरू झाली. मास्तरांनी पहिली ओळ वाजवली. ओळ संपली तशी त्यांनी क्लॅरिनेट तोंडापासून ओढून काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरली, ती आपणहून वाजायला लागेल अशी भीती असल्यासारखी. क्षणभर कुणीच काही वाजवलं नाही. मग सॅक्सोफोननं उत्तर दिलं. खालच्या आवाजात, सावकाश, त्यांनी विचारलेलंच शब्द बदलून सांगावं तसं.

ते मला समजलं. मला, ज्याला पेटी आणि पिपाणी यांतला फरक सांगता येत नाही, त्याला समजलं, की या माणसाला आज उत्तर मिळालंय.

आता मास्तरांनी पुढं विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही. ते तसेच उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. सॅक्सोफोनवाल्यानं वाट पाहिली. मग त्यानंच एक ओळ वाजवली आणि तो थांबला. त्या जागी, क्लॅरिनेट छातीशी धरून, मास्तर म्हणाले, "हं."

सॅक्सोफोनवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं. पुढची ओळ वाजवली, थांबला. "हं," मास्तर म्हणाले. त्या गोव्याच्या माणसाला काय कळलं ते मला सांगता येणार नाही, पण तो प्रत्येक ओळीनंतर थांबत राहिला. त्याच्या मागचे तिघंही थांबत राहिले. अशी ती चाल पूर्ण झाली. क्लबात टाळी पडली नाही. सगळ्यांना वाटलं, बँडवाला गडबडला. चीफ इंजिनिअर म्हणाले, "दम संपला म्हाताऱ्याचा." एकटे मॅनेजरसाहेब तेवढे गप्प बसून समोर बघत होते.

आम्ही परत निघालो. मी सायकल हातात धरून चालत होतो, मास्तर शेजारून. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या समोरून येत होत्या, म्हणून आम्ही कडेनं चाललो होतो. मी म्हणालो, "मास्तर, मिळालं ना तुम्हाला हवं होतं ते? कुणीतरी उत्तर दिलं."

मास्तरांनी समोरची एक गाडी पुढं जाऊ दिली. मग म्हणाले, "शामराव, चांगुना गेल्यापासनं म्या तिला बोलूच दिलं न्हाई."

"म्हणजे?"

"ती हं म्हनायची त्या जागी मीच वाजवत गेलो. येक सूर बी मोकळा सोडला न्हाई. मान्सानं बोलावं तरी कुठं? आन वर म्हनतो, कुनी उत्तर देत न्हाई."

चाळीपाशी आल्यावर मी सायकलला कुलूप लावलं. सकाळच्या गाडीनं ते चौघं परत गेले. मास्तर स्टेशनवर गेले नाहीत.

त्यानंतर वराती होत्याच, त्यांत मास्तर पूर्वीसारखेच न थांबता वाजवायचे. घोड्याला आणि मामाला त्याच्याशी काय देणंघेणं? पण घरी त्यांचं वाजवणं बदललं. संध्याकाळी ती चाल सुरू व्हायची. विचारणारी एक ओळ यायची, आणि मग काहीच नाही. विजयाच्या हातातलं लाटणं थांबायचं. बऱ्याच वेळानं दुसरी ओळ यायची, पुन्हा विचारणारी. आणि पुन्हा ती शांतता. पूर्वी त्यांच्या वाजवण्याचा त्रास व्हायचा, आता न वाजवण्याचा व्हायला लागला. विजया एकदा म्हणाली, "अहो, बघवत नाही." फळ्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं, तरी ती तसंच म्हणाली.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. वाटलं, एवढं काय अवघड आहे? एक अक्षर तर आहे. मास्तरांची ओळ संपली, शांतता आली, आणि मी फळ्यांकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "हं."

पलीकडं खाट करकरली. पावलं फळ्यांपर्यंत आली.

"शामराव."

"काय मास्तर?"

"तुमी नका." आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगितल्यासारखा सूर होता. "ती जागा रिकामी न्हाई. तिथं चांगुना हाय."

पावलं परत गेली. मास्तरांनी तीच ओळ पहिल्यापासून वाजवली आणि ते थांबले. आमचा स्टोव्ह फरफरत होता. विजयानं पुढं होऊन त्याची हवा सोडली. भाजी अर्धवट शिजली होती, ती तशीच राहिली, आणि पलीकडची दुसरी ओळ सुरू होईपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.